कळवळ्यापलीकडचं शिक्षण

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मराठवाडाभरातून रुग्ण येतात. कुणाकडे रेशनकार्ड नसतं, तर कुणाला न्यायला नातेवाईकच फिरकत नाहीत. अशा वेळी कामाला येतात समाजसेवा अधीक्षक. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं जुळवणं, बेवारस रुग्णाचं गाव शोधणं, घरच्यांची समजूत घालणं हे त्यांचं काम.

नुसत्या कळवळ्यावर हे निभत नाही; त्यासाठी शिक्षण लागतं.

समाजकार्याचं रीतसर शिक्षण देशात १९३६ साली मुंबईत सुरू झालं. ते सुरू करणारी संस्था म्हणजे आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, अर्थात ‘टिस’. तिचं एक केंद्र तुळजापुरातही आहे. एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, वर्गाइतकंच क्षेत्रकार्य महत्त्वाचं: वस्तीत जायचं, ऐकून घ्यायचं आणि (कितीही कंटाळा आला तरी) अहवाल लिहायचा. शिकून बाहेर पडल्यावर स्वयंसेवी संस्थांत सुरुवातीचा पगार मात्र बहुधा बेताचाच असतो.