गाठ न काढणारी शस्त्रक्रिया

कोल्हापूरकर ज्याला आजही ‘थोरला दवाखाना’ म्हणतात, त्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात गगनबावड्यापासून चंदगडपर्यंतचे रुग्ण येतात. पोटाच्या कर्करोगाचा रुग्ण बहुधा उशिराच येतो. आधी पित्ताच्या गोळ्या, मग काविळीचा झाडपाला, यांत महिने सरलेले असतात. ‘आता ऑपरेशनचा उपयोग नाही’ असे कोणी म्हटले, की घरची माणसे त्याला परत नेतात. हे वाक्य नेहमीच खरे नसते.

जठराचे खालचे द्वार गाठीने बुजले, म्हणजे सकाळी खाल्लेला भात रात्री उलटून पडतो. पुढे पाण्याचा घोटही टिकत नाही. अशा वेळी शल्यविशारद गाठ आहे तेथेच ठेवून जठर लहान आतड्याला जोडतो आणि अन्नाला आडवाट काढून देतो. ही युक्ती जुनीच आहे. व्हिएन्नात बिलरोथ यांनी जानेवारी १८८१ मध्ये जठराचा कर्करोगग्रस्त भाग कापून काढला, त्याची कीर्ती जगभर झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचे सहायक वोल्फ्लर यांनी, गाठ निघण्याजोगी नाही असे पाहून, ही आडवाट काढली. तिची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

मोठे आतडे तुंबल्यास पोटावर मलमार्ग काढता येतो. पित्तनलिका अडल्यास पित्तालाही अशीच वाट देता येते. काविळीची, रात्ररात्र झोपू न देणारी खाज त्याने शमते. आता दुर्बिणीतून नळी बसवूनही यांतील बरेच साधते. रुग्ण लवकर घरी जातो, पण नळी पुन्हा बुजण्याचा संभव असतो. म्हणून आयुष्य काही आठवड्यांचेच उरले असेल तर नळी, काही महिन्यांचे असेल तर शस्त्रक्रिया, असा ढोबळ विवेक केला जातो. पोटात पाणी साचले असेल आणि आतडी अनेक ठिकाणी अडली असतील, तर बहुधा सुरी न उचलणेच इष्ट.

अधिक अवघड आहे ते बोलणे. मुलगा सोसायटीचे कर्ज काढतो, आईच्या पाटल्या गहाण पडतात, ते ‘ऑपरेशन झाले की बरे वाटेल’ या भरवशावर. काही महिन्यांनी वजन पुन्हा उतरू लागले, की फसवणूक झाल्याची भावना होते. रोग राहणार आहे, पेज आणि मऊ भात जाईल, आणि याही शस्त्रक्रियेत जिवाला धोका आहे, हे सहीपूर्वी सांगितले पाहिजे. थोरल्या मुलाला कोपऱ्यात बोलावून नव्हे; रुग्णाला. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये ‘शांती आवेदना’ हा देशातील पहिला शुश्रूषाश्रम काढणारे डॉ. डिसूझा हे स्वतः कर्करोगाचे शल्यविशारद होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण राधानगरीकडच्या एखाद्या वाडीवर परततो. मलपिशवी कोठे मिळेल, ती कशी बदलावी, वेदना वाढल्यास मॉर्फिन कोण लिहून देईल, हे निघण्यापूर्वीच मुला-सुनांना दाखवून आणि लिहून दिले पाहिजे. अमली पदार्थांविषयीच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून मॉर्फिन मिळवण्याची वाट, निदान कागदोपत्री तरी, सुकर झाली आहे.