संदेश पोहोचला, पुढे काय?

आम्ही चेन्नईतल्या पेरुंगुडीला राहायला आलो ते 2009 साली. समोर ओएमआर, म्हणजे जुना महाबलीपुरम रस्ता आणि त्यावरच्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती. मागच्या अंगाला पळ्ळिक्करणैची दलदल आणि शहराचा कचरा डेपो. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी एका प्रयोगासाठी कारखान्यांतल्या, कार्यालयांतल्या पुरुषांची साखर तपासायला लागले होते. मला याचा पत्ता लागला चार वर्षांनी, अण्णांची, म्हणजे वडिलांची, साखर वाढली तेव्हा. त्या प्रयोगाचा निष्कर्ष तेव्हा नुकताच लॅन्सेटच्या मधुमेहविषयक नियतकालिकात आला होता. मी तो छापून घेतला आणि अण्णांना मराठीत समजावून सांगितला.

8,741 जणांची छाननी करून 537 पुरुष निवडले होते. वय 35 ते 55. साखरेचं गणित बिघडू लागलेलं, पण मधुमेह अजून जडलेला नाही, असे सगळे. जेवण आणि व्यायामाचा सल्ला सुरुवातीला सर्वांनाच दिला. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली आणि 271 जणांच्या मोबाइलवर नेमाने एसएमएस जाऊ लागले. ते किती वेळा आणि कुठल्या वेळी यावेत, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मजकूरही माणसाची तयारी पाहून बदलायचा: ज्याने अजून मनावरच घेतलेलं नाही त्याला एक, ज्याने भात कमी केलाय त्याला दुसरा. स्मार्टफोनची गरज नव्हती.

दोन वर्षांनी नुसत्या सल्ल्यावर राहिलेल्या 266 जणांपैकी 73 मधुमेही झाले होते. एसएमएस मिळणाऱ्या 271 पैकी 50. साधारण अकरा जणांना संदेश पाठवले की एकाचा मधुमेह टळतो, असा हिशेब निघाला. मला आजही हा आकडा थक्क करतो, कारण तो रक्त तपासून काढलेला आहे. किती संदेश गेले, किती उघडले गेले, एवढ्यावर ही मंडळी थांबली नाहीत.

डिजिटल आरोग्यसेवेच्या गेल्या पंचवीस वर्षांकडे बघताना मी हीच फूटपट्टी लावतो. सुरुवात दिमाखदार होती. 24 मार्च 2000 रोजी बिल क्लिंटन यांच्या हस्ते आंध्रातल्या अरगोंडा या खेड्यातल्या अपोलोच्या टेलिमेडिसिन केंद्राचं उद्घाटन झालं. उपग्रहाच्या जोडणीवरून खेड्यातला रुग्ण शहरातल्या तज्ज्ञाला दिसू लागला. दिसणं ही मोठीच गोष्ट होती. पण 2010 मध्ये चेन्नईच्या स्कार्फ या स्किझोफ्रेनियावर काम करणाऱ्या संस्थेने पुदुकोट्टै जिल्ह्यात जी बस फिरवली, ती मला अधिक जवळची वाटते. बसमध्ये पडदा, पडद्यावर चेन्नईचे मनोविकारतज्ज्ञ, आणि औषधंही त्याच बसमध्ये. चिठ्ठी हातात घेऊन तालुक्याच्या गावी औषधाचं दुकान शोधायला लागलं की उपचार सुटतात, हे स्कार्फच्या लोकांना ठाऊक होतं.

एसएमएसच्या कथेला पुढे दुसरा अंक लागला. यशाचा धागा पकडून भारतात आणि ब्रिटनमध्ये मिळून 2,062 जणांवर तसाच प्रयोग झाला. या वेळी निवड एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेवरून केली होती. आठवड्याला दोन-तीन संदेश, दोन वर्षं. 2020 मध्ये निकाल आला. मधुमेह थोडा कमी झालेला दिसला, पण तो फरक योगायोगाने पडला नसेल, असं म्हणण्याइतका मोठा नव्हता. पहिला निकाल मी चारचौघांत सांगत फिरलो होतो, तेव्हा दुसराही सांगणं माझं काम आहे. ज्यांनी यश छापलं होतं त्यांनीच हेही छापलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

डोळ्यांचंही थोडं असंच. मधुमेहाने पडद्याला झालेली इजा फोटोवरून ओळखणारी गुगलची प्रणाली 2016 मध्ये गाजली. ती शिकवताना चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे आणि मदुरैच्या अरविंदचेही फोटो वापरले होते. अचूकता उत्तम. पुढे थायलंडच्या दवाखान्यांत ती नेली, तर पहिल्या सहा महिन्यांतल्या 1,838 फोटोंपैकी पाचवा हिस्सा तिने नाकारला. खोलीत पुरेसा अंधार नव्हता, इंटरनेट रेंगाळत होतं. माणसं मजुरी बुडवून आलेली, त्यांना पुन्हा या म्हणून सांगावं लागलं.

आणि मुंबईची एममित्र सेवा. डॉ. अपर्णा हेगडे यांच्या ‘आरमान’ संस्थेची ही सेवा गरोदर बाईला तिच्या भाषेत, तिच्या सोयीच्या वेळी आरोग्याच्या माहितीचा फोन करते. इथेही वेळ तिनेच निवडायची. तरी बऱ्याच जणी हळूहळू ऐकणं सोडतात. नवऱ्याचा फोन, बदललेला नंबर, माहेरी जाणं. कोण सुटणार याचा अंदाज संगणकाने आधी बांधायचा आणि नेमक्या तिलाच माणसाने फोन लावायचा, असा प्रयोग संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरमानबरोबर केला. सुमारे 23,000 बायका, सात आठवडे. गळती जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाली. मला हे काम मनापासून आवडतं. पण मोजलं होतं ते ऐकणं. बाळाचं वजन, आईचं हिमोग्लोबिन यांचा प्रश्न त्यापुढचा.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि त्याच आठवड्यात केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. अण्णांना त्या काळात व्हिडिओवर डॉक्टर भेटले, त्याचा मोठा आधार झाला. पुढे एका रुग्णालयाचं अ‍ॅप मात्र त्यांना रोज ‘गोळी घेतली का’ विचारायचं. अण्णा ‘हो’ दाबायचे. गोळ्या संपून नऊ दिवस झाले होते, हे आम्हाला डबा उघडल्यावर कळलं.

5 ऑगस्ट 2021 रोजी तमिळनाडू सरकारने ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ सुरू केलं, म्हणजे लोकांना शोधत जाणारी वैद्यकसेवा. रक्तदाब-मधुमेहाची औषधं घरपोच. आमच्या वॉचमनच्या आईकडे येणारी ताई ओसरीवर बसते, रक्तदाब घेते, आकडा मोबाइलमध्ये भरते. मग म्हातारीपुढे हात पसरून गेल्या महिन्याची रिकामी पाकिटं मागते आणि एकेक करून मोजते.