टवका उडाला, पुढे काय?

कोंबडीच्या अंड्याला आतून पहिला टवका उडाला की पिल्लू गप्प बसते. बारा तास, अठरा तास, कधी पुरता एक दिवस. उबवणीच्या पेटीच्या काचेला नाक लावून बसलेल्या माणसाला वाटते, अडकले बिचारे. मग सोलायची घाई होते, आणि नीट जगले असते ते पिल्लू हातात जाते.

या गप्प तासांत आत मोठी उलथापालथ चालू असते. एकोणिसाव्या दिवसापर्यंत पिल्लू फुप्फुसांनी श्वास घेतच नाही. कवचाच्या आतून पसरलेल्या पडद्यात रक्तवाहिन्यांचे जाळे असते, ते कवचाच्या छिद्रांतून आलेला प्राणवायू टिपते. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी चोच आतला पडदा फोडून अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत शिरते आणि फुप्फुसे पहिल्यांदा फुलतात. चिवचिव ऐकू येते ती तेव्हापासून. ॲरिस्टॉटलनेही नोंदवून ठेवले आहे की विसाव्या दिवसाच्या सुमारास अंडे उघडले तर पिल्लू हलते आणि आवाज करते. त्याने किती अंडी फोडली असतील कोण जाणे!

पोकळीतली हवा लवकरच कोंदते. कार्बन डायऑक्साइड वाढला की मानेच्या स्नायूला झटके येतात आणि चोचीच्या टोकावरचा टणक दात कवचावर आपटतो. (हा दात पुढे काही दिवसांत गळून पडतो.) टवका उडाला, बाहेरची हवा मिळाली, तरी पडद्यातले रक्त अजून पिल्लाच्या अंगात परतायचे असते आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जायचा असतो. ही त्याची शिदोरी. तिच्याच जोरावर हॅचरीतली एक दिवसाची पिल्ले दाण्यापाण्याशिवाय लांबचा प्रवास करतात. हे काम उरकण्याआधी कवच सोलले तर रक्तस्राव होतो, नाहीतर बलक बाहेर लोंबत राहतो. काम उरकले की पिल्लू पायांनी रेटा देत आतल्या आत फिरते, गोल चीर पाडते आणि टोपण उडवून बाहेर येते.

मग मदत करायची कधी? पहिल्या भोकानंतर चोवीस तास उलटले आणि काहीच सरकले नाही, तेव्हा. गोल चीर सुरू होऊन मध्येच तासन् तास थांबली, तेव्हा. भोकाच्या कडेचा पडदा कागदासारखा कोरडा, पिवळट पडून पिसांना चिकटला असेल, तेव्हा तर नक्कीच. भोक निमुळत्या टोकाला असेल तर पिल्लू उलटे आहे, त्याच्यावर जास्त लक्ष ठेवावे.

पडदा सुकतो तो बहुधा आपल्यामुळेच. पहिले अठरा दिवस पेटीत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता चालते, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० लागते. एक पिल्लू बाहेर आले की कौतुकाने झाकण उघडले जाते, वाफ निघून जाते आणि मागे राहिलेल्यांचा पडदा आवळतो. गावाकडे वीज गेली की तापमानही उतरते.

मदत करायचीच तर न्हाणीघरात कढत पाण्याची बादली ठेवून दार लावावे, खोली दमट झाली की अंडे तिथे आणावे. हात धुतलेले हवेत. भोकापासून रुंद टोकाच्या दिशेने कवचाचे कण चिमट्याने उचलावेत, कारण पोकळीवरच्या भागात रक्तवाहिन्या नसतात. पडदा ओढू नये. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने तो ओला करावा, नाकपुड्यांत पाणी जाऊ न देता. ओला पडदा पारदर्शक होतो. लाल रेषा दिसल्या की थांबायचे आणि अंडे पेटीत परत ठेवून काही तास वाट पाहायची. रक्ताचा थेंब आलाच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर हलक्या हाताने दाबावे. पिल्लू चावल्यासारखी चोच हलवत असेल तर बलक अजून ओढला जातो आहे. रेषा दिसेनाशा झाल्या की डोके पंखाखालून मोकळे करावे, पण खालचा अर्धा भाग त्याचा त्याला झटकू द्यावा. बेंबी तिकडेच असते.

जाणकार म्हणतात, दुबळे ते मरू द्यावे, निसर्गाचा नियम आहे. हजारो अंड्यांच्या हॅचरीत तेच परवडते. पण झाकण उघडे राहिल्याने अडकलेले पिल्लू दुबळे कसे? खुडूक कोंबडीखाली ते कदाचित सुखरूप निघाले असते. दोष पेटीचा असेल तर हात लावायला हरकत नसावी. मात्र जन्मतः वाकड्या पायांच्या पिल्लाची अंडी पुढे उबवायला घेऊ नयेत.

तेविसाव्या दिवसापर्यंत न फुटलेली अंडी फेकून देण्याआधी एकदा टॉर्चवर धरून बघावीत आणि जिवंतपणाची खूण नसेल तर फोडावीत. वास येतो, पण शिकायला मिळते ते इथेच. पूर्ण वाढलेले पिल्लू कोरड्या, चिकट पडद्यात सापडले तर पाणी कमी पडले. ओलसर, सुजल्यासारखे आणि हवेची पोकळी लहान असेल तर पहिल्या अठरा दिवसांत आर्द्रता जास्त झाली. पुढच्या खेपेला ट्रेमध्ये पाणी त्या हिशेबाने भरावे.