धवलारीण: मांडवातली कवयित्री

पेणच्या खारेपाटात आणि रोह्याकडच्या आगरी गावांत लग्नघरी धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाणाऱ्या धवलारणीला बोलावतात, ते करमणुकीसाठी नव्हे. मांडव, हळद, देवांना आवतण, प्रत्येक विधीचा धवला ठरलेला आहे आणि तो गायल्यावाचून विधी पुरा होत नाही. वाद्याची साथ सहसा नसते. संथ, लांबवलेल्या चालीत ती ओळ टाकते, जोडीची बाई ती उचलते, तेवढ्यात पुढची ओळ तयार असते. पुरोहिताचे काम आणि कवीचे काम इथे एकाच बाईकडे आहे. तरीही आपण तिला ‘लोकगीते’ या प्रकरणात बसवून मोकळे होतो. मला हे मान्य नाही. मराठी कवितेच्या मुख्य प्रवाहातच तिची जागा आहे.

तेराव्या शतकात ऋद्धिपूरला महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा भक्तांनी मांडला, तेव्हा महदंबेने धवळे रचले. आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण तिचे नाव घेतो ते या धवळ्यांच्याच बळावर. विदर्भातल्या महानुभाव रचनेचा कोकणातल्या आगरी मांडवाशी थेट वंश जोडता येईल का, असा आक्षेप रास्त आहे, आणि तसा वंश मी जोडत नाही. पण लग्नात गायचे गाणे महदंबेने उचलले, हे उघड आहे. म्हणजे पोथीने मांडवाकडून घेतले. उत्तर कोकणात वारल्यांच्या लग्नातही भिंतीवर रंगवलेल्या चौकासमोर धवलेरी गाते. समाज वेगळा, अधिकार तोच.

दुसरा आक्षेप असा, की ठरीव ओळी पुन्हा पुन्हा येतात, कर्त्याचे नाव नाही, मग ही कविता कसली? आफ्रिकेतल्या सेत्स्वाना भाषेत राजाची स्तुती गाणारे कवीही परंपरेने आलेल्या ओळी, उपमा आणि बिरुदे वापरतात. मानववंशशास्त्रज्ञ आयझॅक शापेरा यांनी ती स्तुतिकाव्ये १९६५ मध्ये ग्रंथरूपात आणली, आणि एल. डी. रादित्लादींसारख्या लेखक-कवींच्या मागे हीच मौखिक परंपरा उभी आहे. ठरीव ओळ म्हणजे उसनी ओळ नव्हे. कुठली ओळ कुठे, किती लांबवायची, यातच कवित्व दिसते.

मग धवले छापून ठेवले की झाले? छापावेतच. पण नुसत्या शब्दांतून चाल, विधींचा क्रम आणि ओळ उचलणारी दुसरी बाई गळून पडते. डीजेवर वाजणारी आगरी हळदीची गाणी लोकप्रिय आहेत, जरूर वाजावीत. ती वाजल्याने हळदीचा विधी मात्र होत नाही. म्हणून ध्वनिमुद्रण करायचे तर अख्ख्या लग्नाचे करावे, आणि धवलारणीच्या शेजारी शिकायला बसणाऱ्या तरुण मुलीला त्या शिकण्याचे मानधन मिळावे.