ललितापंचमीच्या मागे मागे

मालगुंडात येणारा पाहुणा केशवसुतांचे घर विचारतो. या किनाऱ्यावरच्या देवघरांतली तांत्रिक परंपरा मात्र कोणी विचारत नाही. आश्विन शुद्ध पंचमीला, म्हणजे ललितापंचमीला, कोकणातल्या अनेक चित्पावन घरांत उपांगललितेचे व्रत असते. मूर्ती नसते; करंड्याचे झाकण हीच देवी, आणि तिला अठ्ठेचाळीस दूर्वा वाहायच्या. ललिता म्हणजे त्रिपुरसुंदरी, षोडशी. काली, तारा, छिन्नमस्ता, बगलामुखी यांच्यासह दशमहाविद्यांत मोजली जाणारी. तंत्र म्हटले की दचकणारी आपली घरे तिला पिढ्यान्‌पिढ्या नैवेद्य दाखवत आली आहेत.

याच तिथीला, २४ सप्टेंबर १६७४ रोजी, रायगडावर शिवरायांचा दुसरा, तांत्रिक राज्याभिषेक झाला. जूनमधला वैदिक सोहळा गागाभट्टांनी केला होता. त्यात अनेक देवता पूजेवाचून राहिल्या, असे निश्चलपुरी गोसाव्यांचे म्हणणे होते. ‘शिवराज्याभिषेक कल्पतरू’ या ग्रंथात ते नोंदले आहे. महाराजांनी ते ऐकले आणि मानले. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

पुढे वारे फिरले. फेब्रुवारी १६८९ मध्ये मालगुंडाच्याच जिल्ह्यातल्या संगमेश्वरात संभाजीराजे आणि त्यांचे सल्लागार कवी कलश पकडले गेले. बखरकारांनी कलशाच्या मंत्रतंत्राला दोष दिला आणि ‘शाक्त’ म्हणजे देवीउपासक या शब्दाला काळिमा लागला, तो अजून पुरता पुसलेला नाही.

खरे तर ही विद्या अभ्यासाची, हे दाखवणारा मोठा पंडित त्यानंतरच्याच शतकात मराठी कुळातून आला: भास्करराय. सुरतेच्या शिवदत्त शुक्लांकडून त्यांनी श्रीविद्येची, म्हणजे ललितेच्या तांत्रिक उपासनेची, दीक्षा घेतली, पत्नी आनंदीलाही दीक्षा दिली आणि अखेरची वर्षे तंजावरच्या मराठी राज्यात कावेरीकाठी काढली. ललितासहस्रनामावरचे त्यांचे ‘सौभाग्यभास्कर’ भाष्य १७२८च्या सुमाराचे. एकेका नामाचा अर्थ व्याकरण, वेद आणि तंत्र या तिन्ही अंगांनी उलगडणारा असा भाष्यकार विरळा. तमिळ देशातल्या उपासकांनी त्यांना जपले. आपण मात्र नावही विसरलो. ही आपली हानी आहे.

घरात उपांगललिता चालत असेल, तर यंदा थोरल्यांजवळ बसा. दूर्वा, झाकण, नैवेद्य, म्हणायची नावे, सारा क्रम वहीत उतरवून घ्या. मुंबई-पुण्याला गेलेल्या घरांनी तर हे याच पंचमीला करावे.