मुलींचे बोलणे आणि गटाचे बोलणे
भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, विधानाच्या शेवटी ‘हो ना?’ अशा धर्तीचा प्रश्न जोडण्याची लकब ही अमेरिकी स्त्रियांच्या डळमळीत आत्मविश्वासाची खूण मानली होती. परंतु हीच लकब श्रोत्याला बोलते करण्यासाठीही वापरली जाते, हे न्यूझीलंडमधील जॅनेट होम्स यांनी दाखवल्यावर तो सरधोपट निष्कर्ष टिकणे अवघड झाले. कॉर्नेल विद्यापीठातील अर्थविज्ञानाच्या, म्हणजे भाषिक अर्थाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाच्या, संशोधक सॅली मॅककॉनेल-जिने यांनी पेनेलोपी एकर्ट यांच्यासह १९९२ साली मांडलेला विचार अधिक मूलगामी आहे: ‘स्त्रियांची भाषा’ असा एकसंध नमुना न शोधता, एकत्र वावरताना बोलण्यावागण्याच्या समान रीती घडवणारा गट, अर्थात ‘व्यवहारसमुदाय’, तपासावा. एकर्ट यांनी डेट्रॉइटच्या उपनगरातील शाळेत स्वरोच्चार नोंदवले, तेव्हा शालेय उपक्रमांत रमणाऱ्या आणि शाळेला न जुमानणाऱ्या मुलींमधील अंतर त्याच दोन गटांतील मुलग्यांमधील अंतराहून सामान्यतः मोठे आढळले, आणि शहरी वळणाच्या नव्या स्वरांत आघाडीवर होत्या त्या बंडखोर मुलीच. मुली प्रमाणभाषेला अधिक चिकटून राहतात, हा समज या नोंदींपुढे अपुरा ठरतो.