मोटारींतील खर्जाचा भोंगा व त्याचा ॲम्प्लिफायर

मोटारींत बसून गाणें ऐकण्याची हौस हल्लीं पुष्कळांस असते, व त्या हौसेपायीं डिकींत एक भलें मोठें खोकें बसवून घेणारे गृहस्थही थोडे नाहींत. या खोक्यांतील रुंद भोंग्यास सबवूफर असें म्हणतात. दर सेकंदास सुमारें २० पासून १०० पर्यंत कंपनें असलेला खर्ज तेवढा यांतून निघावा, अशी त्याची योजना असते. एवढी हवा हलवावयाची म्हणजे शक्ति फार लागते. ती मोटारींतील साधा रेडिओ पुरवूं शकत नाहीं, म्हणून मध्यें ॲम्प्लिफायर घालावा लागतो. या दोघांची सोयरीक नीट न जुळल्यास भोंगा जळतो, ॲम्प्लिफायर जळतो, आणि प्रसंगीं मोटारही पेट घेते. ती कशी जुळवावी हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, असा आमचा हेतु आहे.

दुकानांत गेल्यावर बहुतेक जण पहिला प्रश्न वॅटचा विचारतात. आमच्या मतें पहिला प्रश्न ओहमचा असावा. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच: दाब तोच ठेवून अवरोध निम्मा केला, कीं प्रवाह दुप्पट होतो. आतां समजा, एका भोंग्यांत ४ ओहमचीं दोन वेटोळीं आहेत. तीं एकापुढें एक, म्हणजे एकसर जोडलीं, तर एकूण अवरोध ८ ओहम होतो. समांतर जोडलीं, तर २ ओहम. असे दोन भोंगे घेऊन चारही वेटोळीं समांतर जोडलीं, तर अवघा १ ओहम उरतो. भोंगे तेच, तारा त्याच, केवळ जोडणी निराळी! ॲम्प्लिफायरच्या पत्रकांत ‘किमान २ ओहम’ असें लिहिलें असतां त्यास ही १ ओहमची जोडणी लावली, तर त्याच्याकडून दुप्पट प्रवाह मागितला जातो. त्यांतील ट्रान्झिस्टर तापतात; यंत्रांत संरक्षक योजना असल्यास तें आपोआप बंद पडतें, नसल्यास जळतें. उलट ८ ओहमची जोडणी केल्यास धोका नाहीं, मात्र शक्ति पुष्कळच कमी मिळते. दोन शाखांचा ॲम्प्लिफायर ‘ब्रिज’ करून एक भोंगा चालविणारांनीं तर विशेष जपावें. ४ ओहमचा भोंगा अशा जोडणींत प्रत्येक शाखेस २ ओहमचाच भासतो.

ओहम जुळले, कीं मग वॅट. खोक्यावर ठळक छापलेला आंकडा बहुधा क्षणभराच्या कमाल शक्तीचा असतो. तो वाचून हुरळून जाऊं नये. ‘आरएमएस’ या नांवानें लहान अक्षरांत दिलेली सतत शक्ति पाहावी, व ती दोहोंची जवळजवळ सारखी असावी. अमेरिकेंत २००३ सालीं सीईए-२००६ नांवाचें मानक ठरलें; त्यांत ॲम्प्लिफायरची शक्ति १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भारानें, विकृति १ टक्क्याहून अधिक होऊं न देतां मोजतात. असा आंकडा दिलेला असल्यास तो विश्वासास पात्र समजावा.

अशक्त ॲम्प्लिफायर भोंग्यास निरुपद्रवी असतो, ही समजूत मात्र खोटी आहे. त्यास कुवतीबाहेर ताणलें, कीं ध्वनिलाटेचे माथे कापले जाऊन ती चौकोनी होऊं लागते. आणि उंची तीच असतां चौकोनी लाटेंत साइन लाटेच्या दुप्पट शक्ति असते. ३०० वॅटचें यंत्र मग ६०० वॅटच्या जवळपास ओतूं लागतें, व त्या उष्णतेनें वेटोळें करपतें. हें टाळावयाचें साधन म्हणजे ‘गेन’ नांवाचें बटण. तें आवाज वाढविण्यासाठीं नसून रेडिओशीं मेळ घालण्यासाठीं असतें. ५०० वॅट व २ ओहम यांचा गुणाकार १०००; त्याचें वर्गमूळ सुमारें ३१.६. भोंगा सोडवून, ‘बास बूस्ट’ बंद करून, रेडिओचा आवाज पाऊण ठेवावा व ५० हर्ट्झचा एकसारखा सूर लावावा. मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ३१.६ दिसेपर्यंतच गेन हळूहळू चढवावा. वर्गमुळाचा असा उपयोग क्रमिक पुस्तकांत फारसा आढळत नाहीं!

राहिली तार. भोंग्यास ५०० वॅट देणारा ॲम्प्लिफायर शेंकडा ८० कार्यक्षम असला, तर बॅटरीकडून ६२५ वॅट घेतो, १३.८ व्होल्टवर हा प्रवाह सुमारें ४५ अँपियर होतो. घरांतील मोठ्या सॉकेटची मर्यादा १६ अँपियरची असते, हें लक्षांत घेतल्यास तार जाड कां लागते तें कळेल. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण तितक्याच जाडीच्या शुद्ध तांब्याइतका प्रवाह ती सोसत नाहीं. फ्यूज बॅटरीपासून १८ इंचांच्या आंत बसवावा, कारण तो ॲम्प्लिफायरसाठीं नसून तारेसाठीं असतो. वाटेंत तारेचें वेष्टण पत्र्यावर घासून फाटलें, तर डिकींतला फ्यूज कांहींच करूं शकत नाहीं. याकरितां पत्र्याच्या भोंकांत रबरी कडें घालून त्यांतूनच तार न्यावी. ऋण तार मोटारीच्या सांगाड्यास जोडतांना तेथील रंग खरवडून उघडा पत्रा करून घ्यावा. आणि या सर्व कामास हात लावण्यापूर्वीं बॅटरीचें ऋण टोक सोडवून बाजूस ठेवावें.